तीन जखमी म्हणजे एक मेलेला

९ जानेवारी १७७६ रोजी ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने इंग्लंडच्या राजाशी एक करार केला. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड पुकारले होते, तिकडे पाठवायला इंग्लंडपाशी माणसे पुरत नव्हती आणि ड्यूकसाहेब गळ्यापर्यंत कर्जात बुडाले होते. सुमारे चार हजार माणसांचा सौदा ठरला. भरतीचा दर माणशी तीस क्राउन. माणूस लढाईत मेला, तर त्याच दराने पुन्हा पैसे. आणि जखमी झाला तर? तोही हिशेब करारात होता. तीन जखमी म्हणजे एक मेलेला धरावा, रिवाज तसाच आहे, असे त्यात नमूद होते. हे पैसे मेलेल्याच्या बायकोला मिळणार नव्हते, हात गमावून आलेल्यालाही नव्हते. ते ड्यूकच्या तिजोरीत जायचे.

या कलमाकडे बोट दाखवून ड्यूकला शिव्या देणे सोपे आहे. दोनशे वर्षे लोक तेच करत आले आहेत. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. हे कलम लिहिले कोणी? ड्यूक काही स्वतः टाक घेऊन बसला नव्हता. कोणा कायदा शिकलेल्या, सुसंस्कृत, दर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाने शब्द तोलूनमापून ते लिहिले असणार. दुसऱ्याने त्याची स्वच्छ प्रत काढली असणार. तिसऱ्याने अशा करारांत आधी काय दर होता ते जुन्या दप्तरातून शोधून दिले असणार. यांतल्या एकालाही आपण माणसे विकत आहोत असे वाटले नसेल. आपण आपले काम चोख करत आहोत, असेच वाटले असेल. जर्मन राजेरजवाड्यांच्या पापांची यादी फार मोठी आहे, पण त्या यादीत ही माणसे कधीच सापडत नाहीत. ती सापडायला हवीत.

त्या काळी जर्मनी असा एक देश नव्हताच. पवित्र रोमन साम्राज्य या भारदस्त नावाखाली तीनेकशे लहानमोठी राज्ये नांदत होती. त्यांतली काही इतकी चिमुकली की घोड्यावरून निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत सरहद्द ओलांडून जाई. पण राज्य कितीही लहान असले तरी थाट लुई चौदाव्याचा. व्हर्सायची नक्कल करणारा राजवाडा हवा, इटालियन गवय्ये हवेत, फ्रेंच नर्तक हवेत, काचघरात संत्र्याची झाडे हवीत, शिकारीचे रान हवे आणि एक तरी रखेल हवी. खर्च वाढला की कर वाढवायचा. कर संपला की कर्ज काढायचे. कर्जही मिळेनासे झाले की उरते काय? माणसे. ती फुकट जन्मतात आणि त्यांची आई राज्याकडे खर्चाचा हिशेब मागत नाही.

सॅक्सनीच्या ऑगस्टसला चिनी मातीच्या भांड्यांचे वेड होते. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार शिपाई दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यांतल्या मोठ्या बरण्यांना आजही 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात आणि निळी नक्षी खरोखर सुंदर आहे. साधारण चार शिपायांना एक भांडे, असा भाव पडला.

हेसेन-कासेलच्या फ्रीडरिशने याच धंद्याला पेढीचे रूप दिले. १७७६ च्या जानेवारीत इंग्लंडला त्याने बारा हजार माणसे देऊ केली. त्याच्या पहिल्या बायकोचा भाचा इंग्लंडच्या गादीवर होता, तेव्हा सौदा घरातल्या घरातच झाला. पुढच्या सात-आठ वर्षांत सहा जर्मन राज्यांतून मिळून सुमारे तीस हजार माणसे अमेरिकेला गेली. त्यांतली बारा हजारांहून अधिक परतली नाहीत. काही लढाईत मेली, त्याहून जास्त रोगांनी गेली, काही पळून जाऊन तिथेच स्थायिक झाली. पळाले ते शहाणे.

इथे कासेलची बाजू घेणारे पुढे येतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ते सांगतात की या पैशातून राजाने प्रजेचे कर हलके केले आणि रस्ते व शाळा सुधारल्या. १७७९ मध्ये त्याने फ्रीडेरिशियानुम नावाचे संग्रहालय सगळ्या लोकांसाठी उघडले. युरोपातल्या पहिल्या सार्वजनिक संग्रहालयांपैकी ते एक. समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन 'डॉक्युमेंटा' आजही तिथेच भरते. हे सारे खरे आहे. शिपायांना पगारही बरा मिळायचा, हेही खरे. पण या युक्तिवादाचा खरा अर्थ पाहा. कर हलका झाला म्हणून शेजाऱ्याचा मुलगा विकला गेल्याचे दुःख गावाला जाणवेनासे झाले. राजाने प्रजेलाही सौद्यात भागीदार करून घेतले आणि प्रजा मूग गिळून बसली. जुलूम करणाऱ्याचा हात धरता येतो, पण त्यातला वाटा जो खाऊन बसला त्याचे तोंड कसे उघडणार?

ज्याचे तोंड उघडले, त्याचे एक उदाहरण देतो. योहान गॉटफ्रीड झोयम हा लाइप्झिगचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी. १७८१ साली शिक्षण अर्धवट टाकून तो पॅरिसकडे पायी निघाला. वाटेत फाखा गावापाशी हेसेनच्या भरतीवाल्यांनी त्याला पकडले. आपण कोण हे सांगणारा कागद, म्हणजे विद्यापीठाचा दाखला, त्याच्यापाशी होता. तो त्यांनी फाडून टाकला. कागद फाटला आणि माणूस राजाचा झाला. पुढे त्याला जहाजात कोंबून हॅलिफॅक्सला नेले. झोयमने हे सगळे आत्मचरित्रात लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. बाकी हजारो जणांच्या कहाण्या लिहिल्याच गेल्या नाहीत.

आन्सबाखच्या राजाने तर यावरही कडी केली. मार्च १७७७ मध्ये त्याचे शिपाई माइन नदीवर ऑक्सेनफुर्टपाशी होड्यांत रात्रभर दाटीवाटीने कोंडून ठेवले होते. सकाळी ते बिथरले आणि काठावर उड्या मारू लागले. खबर लागताच राजा स्वतः घोडा फेकत आला आणि माल वेळेवर पोचावा म्हणून त्यांच्याबरोबर पुढे गेला. चौदा वर्षांनी, १७९१ मध्ये, या गृहस्थाने उरलेले राज्यही वर्षासनाच्या बदल्यात प्रशियाला देऊन टाकले आणि प्रेयसीला घेऊन तो इंग्लंडात राहायला गेला. नदी, जंगल, गावे, देवळे आणि देवळातले पाद्री यांसकट सगळे! पाद्र्यांनी पुढच्या रविवारी नव्या मालकासाठी प्रार्थना म्हटली.

व्युर्टेंबर्गची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगितली पाहिजे, कारण तिथे जुलूम आणि समाज यांचे साटेलोटे उघडेवागडे दिसते. ड्यूक कार्ल ऑयगेनने १७४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी कारभार हाती घेतला आणि जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केले. नाटकशाळा, नृत्यनाट्ये, आतषबाजी, राजवाडे यांवर त्याने पाण्यासारखा पैसा ओतला. फ्रान्सकडून पैसे घेऊन सहा हजार शिपाई पुरवण्याचा करार त्याने १७५२ मध्ये केला. पैसे उडाले. शिपाई मात्र नव्हते. १७५७ मध्ये फ्रान्सने ते मागितले तेव्हा धावपळ झाली आणि हे काम फिलिप फ्रीडरिश रीगर नावाच्या अधिकाऱ्यावर सोपवले गेले.

रीगर पाद्र्याच्या घरातला, हुशार, देवभक्त म्हणवणारा माणूस. त्याने शेतातून, बिछान्यातून तरुण उचलले. सैन्य उभे राहिले, लगेच बंडही झाले, लोकांनी त्याला शिव्याशाप दिले आणि ड्यूकने त्याला बढती दिली. मग १७६२ साली दुसऱ्या एका दरबाऱ्याच्या कारस्थानामुळे ड्यूकची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. कवायतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर ड्यूकने त्याच्या छातीवरचे मानचिन्ह हिसकावले आणि चौकशी नाही की खटला नाही, थेट होहेनट्वीलच्या किल्ल्यात डांबले. चार वर्षे तो तिथे सडला. वाटते ना, की आता तरी हा माणूस शहाणा झाला असेल? सुटल्यावर काही वर्षांनी तो त्याच ड्यूकच्या चाकरीत परत आला आणि १७७६ मध्ये होहेनआस्पेर्गच्या किल्ल्याचा किल्लेदार झाला. ज्याने अंधारकोठडी भोगली, त्याच्याच कमरेला आता दुसऱ्या कोठड्यांच्या किल्ल्या होत्या. शिलरने पुढे याच माणसावरून एक कथा लिहिली. मला विचाराल तर त्या शतकातला सगळ्यांत भयंकर माणूस ड्यूक नव्हे. रीगर.

लवकरच त्याच्या ताब्यात एक बडा कैदी आला. क्रिस्टियान शूबार्ट हा कवी, संगीतकार आणि पत्रकार. ड्यूकच्या शाळेची आणि त्याच्या प्रेयसीची त्याने टिंगल केली होती. तो राहायचा उल्ममध्ये, म्हणजे ड्यूकच्या हद्दीबाहेर. तेव्हा जानेवारी १७७७ मध्ये ब्लाउबॉयरेनच्या एका सरकारी अधिकाऱ्याने त्याला मोठ्या अगत्याने जेवायला बोलावले आणि हद्दीत आल्याबरोबर अटक केली. पाहुण्याला दगा देणे हे जगातल्या कुठल्या धर्मात बसते? त्या अधिकाऱ्याच्या धर्मात बसले, कारण हुकूम वरून आला होता. शूबार्ट दहा वर्षे आस्पेर्गवर राहिला. आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही, शिक्षेची मुदत नाही. आस्पेर्गबद्दल त्या भागात एक कडू विनोद आहे: हा मुलखातला सर्वांत उंच डोंगर, चढायला पाच मिनिटे लागतात आणि उतरायला वर्षे.

शूबार्टच्या आधी योहान याकोब मोझर या कायदेपंडिताने ड्यूकच्या पैशाच्या मागणीला विरोध करणारी कागदपत्रे लिहिली. १७५९ मध्ये त्याला होहेनट्वीलला टाकले आणि तो पाच वर्षांनी सुटला. त्याला लिहायला टाक-शाई दिली नाही, तेव्हा त्याने दिव्याची वात कातरायच्या कात्रीच्या टोकाने भिंतीवर भजने कोरली. ज्या प्रतिनिधिमंडळाचा तो सल्लागार होता, त्यातले बडे लोक त्याच्यावर आधीच नाराज होते. त्याच्या सुटकेसाठी शेवटी दडपण आले ते बाहेरच्या राजांचे आणि व्हिएन्नातल्या साम्राज्याच्या न्यायालयाचे.

शेतकऱ्याची दशा काय वर्णावी! ड्यूकची हरणे आणि रानडुकरे उभ्या पिकात शिरत, आणि शेतकऱ्याने त्यांना मारले तर तो चोर. रात्र रात्र शेतात जागून आरडाओरडा करणे, एवढाच हक्क त्याला होता. वर शिकारीच्या दिवसांत हाकारे घालायची वेठबिगार त्याचीच. सप्टेंबर १७८२ मध्ये रशियाचा युवराज पाहुणा आला तेव्हा शिकारीसाठी राज्यभरातून हजारो हरणे हाकत आणली आणि ती पळू नयेत म्हणून शेतकऱ्यांना रात्रंदिवस पहाऱ्यावर उभे केले. सोलिट्यूड राजवाडा दिव्यांनी उजळला होता. त्या गडबडीचा फायदा घेऊन एक तरुण सैनिकी डॉक्टर श्टुटगार्टमधून पळाला. नाटके लिहू नकोस असा ड्यूकचा त्याला हुकूम होता. त्याचे नाव फ्रीडरिश शिलर.

आता धर्मपीठाकडे वळू. ११ फेब्रुवारी १७७८ हा कार्ल ऑयगेनचा पन्नासावा वाढदिवस. त्या दिवशी राज्यातल्या सर्व चर्चमध्ये ड्यूकचे एक निवेदन वाचून दाखवले गेले. आपणही माणूस आहोत, आपल्या हातून चुका झाल्या, यापुढे प्रजेच्या कल्याणासाठीच झटू, असा त्याचा आशय. लोक गहिवरले. असा राजा मिळायला भाग्य लागते, असे म्हणणारेही निघाले असतील. त्या सकाळी शूबार्ट आस्पेर्गवर होता आणि आणखी नऊ वर्षे तिथेच राहणार होता. ज्या पाद्र्यांनी ते निवेदन भरल्या गळ्याने वाचले, त्यांच्यापैकी एकाने जरी कागद खाली ठेवून त्या कैद्याचे नाव घेतले असते, तर मी हा लेख वेगळा लिहिला असता.

चुका कबूल करून नऊ वर्षे झाली आणि १७८७ मध्ये या पश्चात्तापदग्ध राजाने सुमारे दोन हजार माणसांची पलटण डच ईस्ट इंडिया कंपनीला विकली. लुडविग्सबुर्गहून ती निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला पोचली, तिथून जावा आणि श्रीलंकेला पांगवली गेली. मागून भरतीही पाठवत राहिले. घरी परतलेले फारच थोडे. शूबार्टने तुरुंगातूनच त्या पलटणीवर निरोपाचे गाणे रचले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. त्याच वर्षी तो सुटला. सुटल्यावर काय केले? ड्यूकच्या नाटकगृहाचा संचालक झाला. दहा वर्षांच्या कैदेने मोडलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. पण ड्यूकला आपल्या कारभाराचे प्रमाणपत्र मिळाले ते असे.

लुडविग्सबुर्गचा राजवाडा आज पर्यटकांनी गजबजलेला असतो. साडेचारशेवर खोल्या, फुललेल्या बागा, शरद ऋतूत भोपळ्यांचे प्रचंड प्रदर्शन. पुण्या-मुंबईहून गेलेली आपली मंडळीही तिथे फोटो काढतात आणि 'काय राजेशाही जगणं होतं!' म्हणतात. जवळच आस्पेर्गची टेकडी आहे. तिथे आता कैद्यांचे रुग्णालय आणि एक छोटे संग्रहालय आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही.

आणि बायका? हॅनोव्हरच्या घराण्यात १६८२ साली त्सेलेची झोफिया डोरोथेआ सून म्हणून आली. वय सोळा. चुलतभावाशी हे लग्न लावले ते दोन राज्ये एक व्हावीत म्हणून. नवऱ्याची रखेल दरबारात मानाने वावरे. झोफियाने मात्र एका सरदारावर प्रेम केले. १६९४ च्या उन्हाळ्यात तो सरदार एका रात्री राजवाड्यातून नाहीसा झाला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. घटस्फोट झाला, तिला आल्डेनच्या वाड्यात ठेवले आणि १७२६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांवर, ती तिथेच राहिली. दोन मुले पुन्हा नजरेसही पडली नाहीत. सख्ख्या बापाने तोंड पाहिले नाही. नवरा १७१४ साली रखेलीला घेऊन लंडनला गेला आणि पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या सिंहासनावर बसला. धर्मन्यायालयाने काडीमोडाच्या कागदावर शिक्का मारला. याच दरबाराच्या पदरी लाइब्निझसारखा जगविख्यात तत्त्वज्ञ होता, आणि दरबाराने त्याला दिलेले काम कोणते? राजघराण्याची वंशावळ शोधण्याचे!

तत्त्वज्ञाचे असे, तर महाकवीचे कसे? वायमारचा ड्यूक कार्ल आउगुस्ट त्यातल्या त्यात भला आणि गटे त्याचा मंत्री. १७८३ मध्ये योहाना ह्योन नावाच्या अविवाहित मोलकरणीने जन्मलेले मूल मारले. दरबारी पुरुषांची अनौरस मुले उजळ माथ्याने वाढत होती, पण मोलकरणीला पोट दिसले की सगळी दारे बंद. मूल मारणाऱ्या आईला मृत्युदंडाऐवजी दुसरी शिक्षा द्यावी का, असे ड्यूकने आपल्या मंत्र्यांना विचारले. म्हणजे राजा डळमळला होता. मृत्युदंडच ठेवावा, असा सल्ला मंत्र्यांनी दिला आणि गटेनेही त्यालाच दुजोरा दिला. २८ नोव्हेंबरला योहानाचे डोके उडवले. अशाच एका अभागी आईला, 'फाउस्ट'मधल्या ग्रेटशेनला, गटेने त्याआधीच कागदावर उतरवले होते. नाटकातल्या तिच्यासाठी जर्मन रसिक आजही रडतात. ऐंशी वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात अशाच बायकांसाठी घराचे दार उघडले. त्यांच्यापाशी ना मंत्रिपद होते ना महाकवीचे बिरुद.

वेगळे वागणारे जर्मनीतही होते. १८३४ मध्ये हेसेन-डार्मश्टाटमध्ये तरुण गेओर्ग ब्यूशनर आणि फ्रीडरिश लुडविग वाइडिग यांनी एक पत्रक गुपचूप छापले. सुमारे सात लाख लोकांकडून वर्षाला त्रेसष्ट लाख गुल्डन उकळले जातात आणि ते कोणाकोणाच्या पोटात जातात, हे खात्यांची नावे घेऊन त्यात मांडले होते. आतल्याच माणसाने फितुरी केली. ब्यूशनर परदेशी पळाला आणि तेविसाव्या वर्षी वारला. वाइडिग १८३७ मध्ये डार्मश्टाटच्या तुरुंगात मेला. तो धर्मोपदेशक होता, हे मुद्दाम सांगतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीतल्या सगळ्या राजांना गाद्या सोडाव्या लागल्या. संपत्तीचा प्रश्न उरला. १९२३ च्या महागाईत सामान्य माणसाची आयुष्यभराची पुंजी कागदाच्या मोलाची झाली होती, बेकारी वाढली होती आणि माजी राजे न्यायालयांत जाऊन राजवाडे, जंगले व भरपाई मागत होते. त्यांची मालमत्ता मोबदला न देता घ्यावी आणि ती बेकारांसाठी व युद्धात पंगू झालेल्यांसाठी वापरावी, या प्रस्तावावर २० जून १९२६ रोजी सार्वमत झाले. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही चर्चनी त्याला कडाडून विरोध केला. 'चोरी करू नकोस' या देवाच्या आज्ञेचा हा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शेतातून मुलगे उचलून नेले तेव्हा या आज्ञेची आठवण झाल्याचे ऐकिवात नाही. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे एक कोटी पंचेचाळीस लाख मते पडली. मंजुरीसाठी एकूण मतदारांपैकी निम्म्यांची, म्हणजे जवळपास दोन कोटींची मते लागणार होती. बहुतेक मतदार त्या दिवशी घरीच बसले आणि प्रस्ताव पडला.